सतरा वर्षे राहून गेलेले एक नाव

‘लष्करी दर्जाचे, २५६ बिटांचे एन्क्रिप्शन’ हे शब्द मोबाइल ॲपच्या आणि व्हीपीएनच्या जाहिरातींत आता सर्रास दिसतात, आणि ते वाचून किल्ली, म्हणजे मजकूर झाकणारा आणि उघडणारा गुप्त आकडा, जितकी लांब तितके आपण सुरक्षित अशी अनेकांची समजूत होते. २५६ बिटांची किल्ली एकेक शक्यता तपासून शोधून काढणे आज कोणालाही शक्य नाही, हे खरेच आहे. पण म्हणूनच हुशार चोर त्या वाटेला जात नाही. दोन यंत्रे एकमेकांशी ज्या क्रमाने बोलतात, त्या क्रमात तो फट शोधतो. या क्रमाला प्रोटोकॉल म्हणतात: आधी कोणी काय पाठवायचे, त्यात कोणकोणत्या गोष्टी असायच्या, उत्तर काय आले म्हणजे समोरच्यावर विश्वास ठेवायचा, याचे ठरलेले नियम. आपण रेल्वेचे तिकीट काढतो किंवा बँकेचे खाते उघडून पाहतो, तेव्हा असा एक संवाद आपल्या नकळत सेकंदाच्या लहानशा अंशात पार पडतो. असे प्रोटोकॉल रचणे आणि ते तपासणे ही संगणकशास्त्राची एक स्वतंत्र शाखा आहे, आणि अवघ्या तीन निरोपांच्या एका प्रोटोकॉलने तिला जो धडा दिला तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

हा प्रोटोकॉल रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८ साली प्रसिद्ध केला. तो समजण्यासाठी सार्वजनिक किल्लीची कल्पना आठवावी लागेल. प्रत्येक माणसाच्या नावाच्या पेट्या कोणालाही मिळतात असे समजा. पेटीत चिठ्ठी टाकून झाकण दाबले की ती बंद होते, आणि उघडण्याची किल्ली मात्र ज्याच्या नावाची पेटी त्याच्याकडेच असते. आता अलकाला भास्करशी बोलायचे आहे आणि समोर खरोखर भास्करच आहे याची खात्री हवी आहे. भास्करलाही तशीच खात्री हवी आहे. अलका एक नवा, कोणालाही ओळखता न येणारा आकडा निवडते आणि तो आपल्या नावासह भास्करच्या पेटीत बंद करून पाठवते. भास्कर पेटी उघडतो, आपलाही एक नवा आकडा निवडतो, आणि दोन्ही आकडे अलकाच्या पेटीत घालून परत पाठवतो. आपला आकडा परत आलेला पाहून अलकाची खात्री पटते, कारण पहिली पेटी भास्करखेरीज कोणी उघडूच शकत नव्हते. मग ती भास्करचा आकडा त्याच्या पेटीत घालून पाठवते आणि त्याचीही खात्री पटवते. दोन्ही आकडे आता फक्त या दोघांनाच माहीत आहेत, असे दोघेही धरून चालतात.

वाचणाऱ्याने येथे थांबून चूक शोधून पाहावी. तज्ज्ञांना ती सतरा वर्षे दिसली नव्हती. मध्यंतरी, १९८९ साली, बरोज, आबादी आणि स्वतः नीडहॅम यांनी प्रोटोकॉल तपासण्यासाठी एक खास तर्कपद्धती मांडली आणि तिने कित्येक प्रोटोकॉलमधले दोष उघडे पाडले. या तीन निरोपांतला हा दोष मात्र तिच्याही चाळणीतून निसटला.

१९९५ साली गॅव्हिन लोव यांनी तो दाखवून दिला. समजा, मकरंद नावाचा तिसरा माणूस आहे. तो कोणी परका घुसखोर नाही; त्याच्याही नावाची पेटी आहे आणि अलका त्याच्याशी आपणहून, रीतसर बोलायला सुरुवात करते. म्हणजे ती आपला आकडा आणि नाव मकरंदच्या पेटीत घालून पाठवते. मकरंद ती उघडतो, आतला मजकूर जसाच्या तसा भास्करच्या पेटीत बंद करतो आणि अलकाच्या नावाने पुढे पाठवतो. भास्करला वाटते, अलका बोलते आहे. तो दोन्ही आकडे अलकाच्या पेटीत घालून परत पाठवतो. ही पेटी मकरंदला उघडता येत नाही, आणि उघडण्याची त्याला गरजही नाही. तो ती न उघडता अलकाकडे सरकवतो. अलका पेटी उघडते, आपला आकडा परत आलेला पाहते, सोबतचा दुसरा आकडा मकरंदचाच असणार असे समजते, आणि ठरल्याप्रमाणे तो मकरंदच्या पेटीत घालून त्याला पाठवते. जी पेटी मकरंदला उघडता येत नव्हती, ती अलकानेच त्याला उघडून दिली. आता भास्करचा आकडा मकरंदच्या हातात आहे. तो भास्करला पाठवला की भास्करच्या लेखी समोर अलका आहे. बँकेच्या ठिकाणी भास्कर असेल, तर पुढे काय होईल हे सांगायला नको.

या प्रकारात एकही कुलूप फुटलेले नाही. अलकाने नियम मोडला नाही आणि भास्करनेही नाही. चूक इतकीच की दुसऱ्या निरोपात, तो कोणाकडून आला आहे, हे लिहिलेलेच नव्हते. लोव यांनी सुचवलेली दुरुस्ती तेवढीच आहे: दोन आकड्यांबरोबर भास्करने आपले नावही पेटीत घालावे. मग पेटी उघडताच अलकाला दिसेल की आपण बोलतो आहोत मकरंदशी आणि नाव आहे भास्करचे, आणि ती तिथेच थांबेल.

मूळ लेखकांना हे का दिसले नाही, याचे उत्तर त्या काळात आहे. प्रोटोकॉलमध्ये रीतसर भाग घेणारा माणूस स्वतः लबाड नसतो, चोर बाहेरून येतो, असे त्यांनी धरले होते. इंटरनेटवर हे गृहीतक टिकत नाही, कारण तिथे कोणीही संकेतस्थळ उघडू शकतो. १९८३ साली डॅनी डोलेव्ह आणि अँड्र्यू याओ यांनी शत्रूचे जे चित्र मांडले ते आजही प्रमाण मानले जाते: सगळे जाळे शत्रूच्याच ताब्यात आहे असे समजा, तो कोणताही निरोप अडवू, साठवू, वळवू, पुन्हा पाठवू किंवा नवा रचू शकतो, फक्त किल्लीवाचून पेटी उघडू शकत नाही. असा शत्रू मागे खूण ठेवेलच असे नाही. म्हणूनच व्हॉट्सॲपवरच्या टिकांच्या संख्येवरून किंवा रंगावरून ‘सरकार तुमचा निरोप वाचते आहे’ हे ओळखायला शिकवणारे जे ढकलसंदेश फिरतात, त्यांना शून्य अर्थ आहे, आणि ते पुढे पाठवणाऱ्या सुशिक्षितांनी हे समजून घ्यायला हवे.

अशा शत्रूच्या सगळ्या चाली माणसाने डोक्यात खेळून पाहणे अशक्य आहे. लोव यांनी १९९६ मध्ये दाखवलेला मार्ग असा होता की प्रोटोकॉलचे आणि शत्रूचे वर्णन एका गणिती भाषेत लिहायचे आणि एफडीआर नावाच्या प्रणालीकडून पोहोचता येण्याजोगी प्रत्येक स्थिती तपासून घ्यायची. तिने वरचा हल्ला स्वतः शोधून दिला. दुरुस्तीनंतर तिला एकही हल्ला सापडला नाही. पण तिने तपासली होती ती एक बोलणारा, एक उत्तर देणारा आणि एक शत्रू एवढीच छोटी व्यवस्था. म्हणून मोठ्या व्यवस्थेत हल्ला असेल तर तो छोट्या व्यवस्थेतही दिसलाच पाहिजे, हे लोव यांना कागदावर वेगळे सिद्ध करावे लागले. हा टप्पा गाळता येत नाही. एकाच वेळी चालणाऱ्या संवादांच्या संख्येवर मर्यादा नसेल, तर कोणत्याही प्रोटोकॉलबाबत ‘गुपित फुटेल की नाही’ हे हमखास ठरवून देणारा कोणताही एकच अल्गोरिदम असू शकत नाही, हे नंतर सिद्ध झाले. मर्यादा घातली तर प्रश्न सुटतो, पण तोही एनपी-पूर्ण वर्गातला, म्हणजे वाईट उदाहरणांत वेळ भराभर वाढवणारा ठरतो. म्हणून प्रोव्हेरिफ आणि टॅमरिन ही प्रोटोकॉल तपासणारी आजची साधने कधी खरे उत्तर देतात, कधी माणसाकडे मधली पायरी मागतात, आणि कधी थांबतच नाहीत.

तरीही त्यांच्यावाचून आता चालत नाही. ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यामधल्या टीएलएस प्रोटोकॉलची १.३ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, ती अठ्ठावीस मसुद्यांनंतर, आणि मसुदे लिहिले जात असतानाच संशोधक ते यंत्राकडून तपासत होते. ग्राहकाने आपली ओळख संवादाच्या मध्येच, उशिरा पटवून देण्याची एक सोय दहाव्या मसुद्यात जोडायचा प्रस्ताव होता. कास क्रेमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो टॅमरिनला दिला, तेव्हा ग्राहकाची सही एका संवादातून दुसऱ्यात वळवणारा हल्ला बाहेर आला. ओळखीचाच प्रकार होता: रीतसर भाग घेणारा मकरंद आणि न उघडता पुढे सरकवलेली वस्तू. आवृत्ती प्रसिद्ध होण्याआधीच ती फट बुजली. आज संकेतस्थळ आपली ओळख पटवण्यासाठी सही करते तेव्हा कशावर सही करते, हे नियमावलीत अक्षरशः लिहिले आहे: आधी चौसष्ट मोकळ्या जागा, मग ही सही सर्व्हरची आहे असे सांगणारे एक ठरावीक वाक्य, मग एक शून्य बाइट, आणि शेवटी तोपर्यंतच्या संपूर्ण संवादाचा हॅश, म्हणजे त्या संवादाचा ठसा. भास्करने आपले नाव पेटीत घालावे, ही लोव यांची सूचना येथे पूर्णत्वाला गेली आहे. या संवादात उचललेली सही दुसऱ्या संवादात चालणारच नाही.

सिद्धतेलाही मर्यादा आहेत, आणि त्या ज्याने त्याने नीट पाहाव्यात. वायफायच्या डब्ल्यूपीए२ या पद्धतीतला चार निरोपांचा संवाद सुरक्षित असल्याची गणिती सिद्धता २००५ सालीच दिली गेली होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहूफ यांनी दाखवले की तिसरा निरोप पुन्हा पाठवला की फोन किंवा लॅपटॉप तीच किल्ली दुसऱ्यांदा बसवतो, त्यासोबतचा, दर निरोपाला वाढत जाणारा मोजणीचा आकडा परत सुरुवातीला जातो, आणि एकाच आकड्याने दोन निरोप झाकले जाऊन त्यांतला मजकूर उकलू लागतो. अँड्रॉइडच्या काही आवृत्त्यांत तर किल्लीच्या जागी सगळी शून्येच बसत होती. सिद्धता चुकीची नव्हती. किल्ली गुप्त राहते असे तिने म्हटले होते आणि किल्ली गुप्तच राहिली. ती केव्हा बसवायची, हा प्रश्न त्या गणिती वर्णनात आलाच नव्हता. दुरुस्तीसाठी चारही निरोप जसेच्या तसे ठेवता आले. उपकरणांच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढीच अट वाढवावी लागली की एकदा बसवलेली किल्ली पुन्हा बसवायची नाही.