प्रमेह, मधुमेह, डायबेटिस: तुलनेआधीचा शब्दांचा गुंता

टाइप टू डायबेटिसवरच्या आयुर्वेदिक आणि आधुनिक उपचारपद्धतींची तुलना करायला बसलं की घोळ पहिल्या शब्दापासूनच होतो. डायबेटिस म्हणजे मधुमेह, असं आपण सहज म्हणून जातो. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांमध्ये, म्हणजे संहितांमध्ये, मात्र मूळ व्याधी आहे प्रमेह, म्हणजे भरपूर आणि गढूळ लघवी. त्याचे प्रकार 20: कफज 10, पित्तज 6, वातज 4. मधुमेह हा शेवटच्या चारांतला एक. कफज साध्य, पित्तज याप्य (औषध-पथ्य चालू असेतो आटोक्यात राहणारे), वातज असाध्य. सुश्रुतसंहिता तर म्हणते की उपचार न केलेला कुठलाही प्रमेह कालांतराने मधुमेह होतो आणि मग असाध्य ठरतो. तेव्हा ‘मधुमेह मुळापासून बरा’ असा दावा आयुर्वेदाच्या नावाने करणारे आयुर्वेदाच्याच मूळ वचनाविरुद्ध बोलतात. हे ठासून सांगायला हवं, कारण अशा दाव्यांवर विसंबून चालू गोळ्या बंद करणं धोक्याचं असतं.

निदानाची खूणही वेगळी. चरकसंहितेत लघवीकडे मुंग्या येणं हे प्रमेहाचं पूर्वरूप (रोग होण्याआधीचं लक्षण) सांगितलं आहे. पण रक्तातली साखर डेसिलिटरला साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेली, की मगच मूत्रपिंडांना ती आवरत नाही आणि ती लघवीत उतरते. आजचं निदान उपाशीपोटी 126 लाच होतं. 1997 पर्यंत ही रेषा 140 वर होती. म्हणजे आज गोळी घेणाऱ्या कित्येकांच्या लघवीला मुंगी लागलीच नसती. त्यांना कफज प्रमेही म्हणावं का, हा वाद अजून मिटलेला नाही.

आहार आणि व्यायाम दोन्हीकडे पहिल्यापासून आहेत. सुश्रुतसंहितेत निर्धन रुग्णाला 100 योजनं (योजन हे अंतराचं जुनं माप) अनवाणी चालायला सांगितलं आहे. आधुनिक बाजूला इन्सुलिन 1921 चं. काही रुग्णांचं शरीर त्याला दाद देत नाही, हा फरक 1936 मध्ये मांडला गेला. मेटफॉर्मिन हे डायबेटिसचं औषध फ्रान्समध्ये 1957 पासून वापरात आलं. त्याचा मागही एका वनस्पतीपर्यंत जातो.

2017 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत आहार कडक घटवून वजन उतरवलेल्या गटातल्या 46 टक्के रुग्णांची साखर वर्षअखेर औषधांविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. 2021 मध्ये अशा अवस्थेसाठी ‘रेमिशन’ हा शब्द ठरला: औषध थांबवून किमान 3 महिने एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 6.5 टक्क्यांखाली. ‘बरा झाला’ हा शब्द तिथे जाणूनबुजून टाळला गेला. डोळे, मूत्रपिंडं आणि पायांची तपासणी त्यानंतरही चालूच ठेवायची असते.