वाळवीची माती पुसू नका, आधी आम्हाला दाखवा

वाळवी लागू नये म्हणून आम्ही घरातल्या लाकडाला निंबोळी आणि करंज तेल लावून देतो. गणपती जवळ आले की आमचा फोन थांबत नाही. घर आवरताना कपाट सरकवलं जातं आणि मागे भिंतीवर वाळवीच्या मातीची रेघ दिसते. मग बहुतेक घरांत एकच होतं: रेघ खरवडायची, फिनाइलने पुसायची आणि नंतर आम्हाला बोलवायचं. आम्ही पोचतो तेव्हा भिंत लख्ख असते, पण वाळवी कुठून आली हे सांगणारी खूणच गेलेली असते.

ती रेघ म्हणजे वाळवीचा रस्ता. कामकरी वाळवीला उघडी हवा सोसत नाही, अंग सुकून ती मरते. म्हणून ओलाव्यापासून लाकडापर्यंत ती मातीची नळी बांधत येते. नळीचं दुसरं टोक मोरीच्या भिंतीत, गळक्या पाइपाशी किंवा तळमजल्यावर लादीच्या फटीत सापडतं. नळी मोडली तरी वाळवी दुसरीकडून वाट काढते आणि आम्हाला अख्खी खोली ठोकून बघावी लागते. तासाभराच्या कामात अर्धा दिवस जातो, तुमचाही. तेव्हा फक्त मोबाइलवर फोटो काढा आणि कपाट तसंच सरकवलेलं राहू द्या.

लोक आणखी एक विचारतात, या तेलाने वाळवी मरते का? आमचं निंबोळी आणि करंज तेल फवारल्याबरोबर मारणारं औषध नाही. निंबोळीतल्या अझाडिरॅक्टिन या द्रव्यामुळे वाळवी ते लाकूड खायचं टाळते. जमिनीतलं वारूळ याने संपत नाही. वाळवी जमिनीतून येत असेल तर आम्ही तसं स्पष्ट सांगतो. तिथे जमिनीत औषध सोडावं लागतं आणि ते काम आयएस ६३१३ या भारतीय मानकाप्रमाणे करून घ्या. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण तेल लावून खोटा धीर देणार नाही.

पॉलिश किंवा रंगावर तेल मुरत नाही, नुसतं चिकट राहतं. म्हणून आम्ही कपाटाची पाठ, फळीच्या कडा, चौकटीचे सांधे अशा कोऱ्या लाकडालाच लावतो. एक हात मुरल्यावर दुसरा. त्यासाठी पुन्हा येतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. उन्हात निंबोळीचा गुण लवकर उतरतो, त्यामुळे खिडकीच्या चौकटींना दरवर्षी पावसाळ्यानंतर हात द्यावा लागतो.

करंजाचा वास काही दिवस राहतो, खिडक्या उघड्या ठेवा. घरात माशांची टाकी असेल तर आधी सांगा. हे तेल माशांना बाधतं, टाकी दुसऱ्या खोलीत हलवूनच आम्ही काम सुरू करतो. उरलेलं तेल बाटलीत भरून देतो, देव्हाऱ्याच्या पाठीला आणि माळ्यावरच्या फळ्यांना पुरतं.