कातडीची रेघ कोणी ओढली?

खारघर, कोपरखैरणे, तळोजा या भागांत भाड्याने घर शोधणाऱ्या आफ्रिकन विद्यार्थ्याला "सोसायटी परमिशन देत नाही" हे उत्तर नवं नसतं. आपल्यातल्याही कितीतरी जणांना आडनाव सांगितल्यावर तेच ऐकावं लागतं. यावर एक समर्थन नेहमी पुढे येतं: परक्याची भीती माणसाच्या रक्तातच आहे. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याकडे आपण सोयीने डोळेझाक करतो.

2006 साली इस्रायलमधले मानसशास्त्रज्ञ याइर बार-हाइम आणि सहकाऱ्यांनी तीन महिन्यांच्या बाळांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले. गोऱ्या घरातली बाळं गोऱ्या चेहऱ्यांकडे, तर इथिओपियातली बाळं काळ्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत राहिली. पण इस्रायलमध्ये, दोन्ही प्रकारच्या माणसांत वाढणारी इथिओपियन बाळं दोघांकडे सारखंच बघत होती. बाळाला ओळखीचा चेहरा आवडतो, एवढंच यातून दिसतं. ओळखीचं कोण, हे आजूबाजूचे लोक ठरवतात.

मोठ्यांचं काय? मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 2001 सालचा रॉबर्ट कुर्झबान, जॉन टूबी आणि लीडा कॉस्मिडिस यांचा प्रयोग. त्यांचा तर्क असा: आपले पूर्वज पायी हिंडत. पायी जाता येईल एवढ्या टापूत अगदी वेगळ्या रंगाची माणसं भेटणं जवळपास अशक्य, कारण कातडीचा रंग प्रदेशागणिक हळूहळू बदलतो. मग मेंदूत 'वंश ओळखण्याचं' खास यंत्र तयार तरी कशासाठी होईल? कोण आपल्या गटाचा आणि कोण दुसऱ्या गटाचा, हे ओळखणं मात्र जिवावरचं काम होतं. म्हणून त्यांनी लोकांना दोन बास्केटबॉल संघांचं भांडण दाखवलं. प्रत्येक संघात गोरे-काळे दोन्ही. नंतर विचारलं, कोणतं वाक्य कोण बोललं? माणसं आठवताना चुकतात, आणि चुकताना एकाच गठ्ठ्यातल्या दोघांची अदलाबदल करतात. आधी ही अदलाबदल रंगानुसार झाली. संघांना वेगवेगळ्या रंगाचे शर्ट घातल्यावर ती संघानुसार होऊ लागली आणि कातडीचा प्रभाव चांगलाच घटला. तोही काही मिनिटांत!

मग कातडीची रेघ आली कुठून? बरीचशी शेतीच्या हिशेबातून. सतराव्या शतकात अमेरिकेतल्या व्हर्जिनियात तंबाखूच्या मळ्यांवर करारबद्ध गोरे नोकर आणि आफ्रिकन गुलाम एकत्र राबत. तिथल्या गव्हर्नरविरुद्ध 1676 मध्ये झालेल्या बंडात दोघांनीही हत्यार उचललं. 1705 च्या कायद्याने करार संपलेल्या गोऱ्या नोकराला मका, पैसे आणि बंदूक देणं मालकावर बंधनकारक केलं. गुलाम मात्र मालमत्ता ठरला. राबणाऱ्यांमध्ये कायद्याने फूट पाडली, आणि पुढे त्या फुटीला 'शास्त्र' पुरवायला कवट्या मोजणारे आले.

इथे इरावती कर्वे यांचं नाव घ्यायलाच हवं. 1920 च्या दशकाअखेर बर्लिनमध्ये त्या जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएचडी करत होत्या. युरोपियनांच्या कवटीची ठेवण वेगळी, म्हणून त्यांची बुद्धी सरस, असं फिशर यांना सिद्ध करून हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा त्या ठेवणीशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष आपल्या मार्गदर्शकाच्याच विरोधात लिहिला. पुढे 1972 मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तातल्या प्रथिनांवरून दाखवलं की माणसांमधला सुमारे 85 टक्के जनुकीय फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो.

तरीही पूर्वग्रह का टिकतो? डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी 1976 मध्ये एक कारण दाखवलं. मोठ्या आणि छोट्या अशा दोन गटांत वाईट वागणुकीचं प्रमाण अगदी समान ठेवलं, तरी लोकांना छोटा गटच जास्त वाईट वाटला. दुर्मीळ माणूस आणि दुर्मीळ घटना एकत्र आली की ती स्मरणात घट्ट बसते. एका नायजेरियनाला अटक झाल्याची बातमी सोसायटीच्या ग्रुपवर वर्षभर फिरते. मराठी आरोपीची बातमी वाचून 'मराठी लोक असेच' असं आपण म्हणत नाही. घर नाकारल्यामुळे शेजार होत नाही, शेजार नसल्यामुळे तीच एक बातमी खरी वाटत राहते, आणि तिच्याच जोरावर पुढच्याला घर नाकारलं जातं.

नुसतं जवळ आणून भागत नाही. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे संघ पाडले. काहींच्या संघात वेगवेगळ्या जातींचे खेळाडू आले, काहींच्या एकाच जातीचे. मिश्र संघातल्या मुलांची इतर जातींत जास्त मैत्री झाली. इतर जातींचे खेळाडू ज्यांना प्रतिस्पर्धी म्हणूनच भेटले, त्यांच्यात असा चांगला परिणाम दिसला नाही, काही बाबतींत तर उलटच झालं. ठाणे-नवी मुंबईत टेनिस बॉलच्या स्पर्धांना तोटा नाही. सोसायटीच्या पुढच्या स्पर्धेत भाडेकरूंचा वेगळा संघ करायचा की त्यांना प्रत्येक विंगच्या संघात घ्यायचं, हे कमिटीला एका बैठकीत ठरवता येईल.