पाणी दिसतं तिथे गळत नसतं

बोटीचं इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. पेन्सिलीचं टोक जेमतेम जाईल एवढं. बोटीचं इंजिन जुनं झालं की एक दिवस त्यातून थेंब पडायला लागतात. मग कुणीतरी एम-सीलची गोळी मळतं, भोक बुजवतं आणि गळती थांबली म्हणून हात पुसतं. जुन्या इंजिनावर केलेली यापेक्षा महाग दुरुस्ती मला माहीत नाही.

गिअरवर चालणाऱ्या पंपाचा दांडा दोन जगांत उभा असतो. एका टोकाला रबरी पात्यांचं चक्र, म्हणजे इम्पेलर, खाऱ्या पाण्यात फिरतो आणि दुसरं टोक इंजिनाच्या ऑइलमध्ये असतं. मध्ये दोन सील असतात, एक पाणी अडवणारं आणि एक ऑइल अडवणारं. या दोन सीलांमधली पोकळी त्या भोकाने बाहेर उघडते. पाण्याचं सील झिजलं की पाणी भोकातून बाहेर येतं, ऑइलचं झिजलं की ऑइल येतं. भोक बुजवलं, तर पोकळीत साचलेलं पाणी दांड्यावरून सरकत दुसऱ्या सीलपाशी जातं आणि तिथून ऑइलमध्ये उतरतं. आठवड्याभराने डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, ओढली की तिच्यावर दुधाळ चहासारखा थर दिसतो. थेंब पडत होते तेव्हा काम दोन सीलांचं होतं, आता ते बेअरिंगांपर्यंत पोहोचलेलं असतं.

कोकणच्या किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात आणि इंजिनाची मोठी कामं याच दोन महिन्यांत निघतात. हाताशी वेळ असतो म्हणून पहिल्याच दिवशी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, खोलायची घाई होते. माझं म्हणणं इतकंच की पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: गळणारं पाणी गोडं की खारं? ते इंजिन चालू असताना जातं की बंद झाल्यावर? आणि जातं कुठे? बहुतेक वेळा दोष या उत्तरांतच सापडतो.

इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेचा ढोबळपणे तिसरा हिस्सा बोट ढकलणाऱ्या पंख्याला मिळतो, तेवढाच धुरातून निघून जातो आणि उरलेल्यातला बराचसा भाग पाण्याला वाहून न्यावा लागतो. साधारण ८० अश्वशक्तीच्या इंजिनात पूर्ण जोरावर ही उष्णता ४५ किलोवॉटच्या आसपास धरली आणि समुद्राचं पाणी आत-बाहेर करताना १५ अंशांनी तापतं असं मानलं, तर मिनिटाला ४० लिटरहून जास्त पाणी लागतं. इम्पेलरची दोन पाती तुटली की हे गणित कोसळतं. तुटलेली पाती नाहीशीही होत नाहीत, ती पुढच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकून बसतात. म्हणून इम्पेलर बदलताना तुकडे मोजावेत आणि एक कमी पडला तरी शोधावा.

अगदी जुन्या इंजिनांत समुद्राचं पाणी थेट बिडाच्या ब्लॉकमधून फिरतं. अशी इंजिनं मुद्दाम थंड, ६० अंशांच्या आसपास चालवतात, कारण त्याहून जास्त तापलं की पाण्यातले चुन्याचे क्षार भिंतींवर जमायला लागतात. हा थर बिडाच्या मानाने उष्णता फारच कमी वाहतो. नंतरच्या इंजिनांत गोड्या पाण्याचं बंद चक्र आलं. ते पाणी हीट एक्स्चेंजरमधल्या नळ्यांच्या बाहेरून फिरतं आणि समुद्राचं पाणी नळ्यांच्या आतून वाहतं. गोडं की खारं हा प्रश्न इथेच कामाला येतो.

समजा इंजिनावरच्या छोट्या टाकीतलं हे गोडं पाणी रोज कमी होतंय, पण बाहेर कुठेच थेंब नाही. चालू इंजिनात गोड्या पाण्याच्या चक्रावर टाकीच्या तोंडावरच्या कॅपमुळे दाब असतो. १ बारच्या जवळपास दाब धरणारी कॅप पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांपर्यंत नेते. समुद्राच्या पाण्याच्या बाजूला दाब त्यापेक्षा कमी असतो. नळीला सुईएवढं भोक पडलं, तर चालू इंजिनात गोडं पाणी गुपचूप खाऱ्यात मिसळतं आणि धुराबरोबर समुद्रात जातं. इंजिन बंद करून थंड झालं की उलटं घडतं. आत आकुंचन होतं, ओढ निर्माण होते आणि खारं पाणी गोड्या चक्रात येऊ शकतं. म्हणून संध्याकाळी थांबताना आणि सकाळी सुरू करण्याआधी, दोन्ही वेळा टाकीची पातळी खुणेने नोंदवावी. रात्रीत पातळी वाढलेली दिसली, तर हीट एक्स्चेंजरवर संशय पक्का.

खात्री करायला शाळेच्या प्रयोगशाळेतला उपाय आहे. टाकीतल्या पाण्याच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब टाकायचे. शेजारी आपण टाकीत भरतो ते विहिरीचं किंवा नळाचं पाणी घेऊन त्यातही तसेच टाकायचे. साध्या पाण्यात थोडी धूसर छटा येते. समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे त्याची थोडी भेसळ असली तरी दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो. तो सिल्व्हर क्लोराइडचा. हे द्रावण हाताला लागलं तर काळे डाग पडतात, तेव्हा हातमोजे घालावेत. फुटलेली नळी दोन्ही टोकांना निमुळती पितळी खुंटी ठोकून बंद करता येते. अशा शेकडा दहापर्यंत नळ्या बंद केल्या तरी चालतं, त्यापुढे मात्र नळ्यांचा गठ्ठाच बदलावा.

दुसरं दुखणं लाईनरचं, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याचं. ओल्या लाईनरच्या बाहेरून पाणी फिरतं. पिस्टनच्या धक्क्यांनी लाईनरची भिंत थरथरते, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि भिंतीवरच फुटतात. प्रत्येक फुटणारा बुडबुडा हातोडीचा अगदी बारीक घाव असतो. असे घाव साचत गेले की धातूत खड्डे पडतात आणि एक दिवस आरपार भोक होतं. गोड्या पाण्यात मिसळायच्या योग्य कूलंटमधली रसायनं भिंतीवर संरक्षक पापुद्रा धरतात. कूलंट संपला म्हणून वर्षभर नुसतं पाणी ओतत राहिलं, तर हा पापुद्रा जातो. लाईनर तपासण्याची रीत सोपी आहे आणि मला ती फार आवडते. ऑइल काढायचं, खालचा चेंबर उतरवायचा, थंड इंजिनाच्या गोड्या चक्राला हातपंपाने कॅपवर लिहिलेल्या दाबाएवढाच दाब द्यायचा आणि टॉर्च घेऊन खालून बघत बसायचं. लाईनरच्या बुडाशी थेंब लोंबला तर तिथली पाणी अडवणारी रबरी ओ-रिंग गेली. लाईनरच्या आतून, पिस्टनच्या बाजूने उतरला तर लाईनरला भोक आहे किंवा वरून हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ थरातून, पाणी येतंय. घाई करू नये. अर्ध्या तासाने पडणारा थेंबही थेंबच असतो.

हेड गॅस्केट गेलं असेल तर उलट बाजूने खूण मिळते. ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आणि चालू इंजिनात टाकीत सतत बुडबुडे येतात. त्या वायूत कार्बन डायऑक्साइड असतो. टाकीच्या तोंडावरची हवा ब्रोमोथायमॉल ब्लूच्या निळ्या द्रावणातून खेचली आणि ते पिवळं पडलं, की शंका उरत नाही. नवं गॅस्केट टाकण्याआधी हेडचा तळ सरळपट्टी आणि फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी, तपासावा. वाकडा असेल तर फेसिंग करून, म्हणजे मशीनवर सपाट करून घ्यावं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, टॉर्क पान्याने तीन टप्प्यांत आवळावेत. आणि इंजिन मुळात तापलं का, हे शोधल्याशिवाय हेड बंद करू नये. नाहीतर नवं गॅस्केटही त्याच वाटेने जाईल.

सगळ्यात जास्त घात करते ती एक्झॉस्टची कोपरी. इथे समुद्राचं पाणी धुरात मिसळतं. गरम धूर, खारं पाणी आणि डिझेलमधल्या गंधकापासून बनणारं आम्ल यांनी ती आतून पोखरली जाते, बाहेरून मात्र रंग शाबूत दिसतो. आतली भिंत फुटली की इंजिन बंद असताना पाणी मागे येऊन सिलिंडरमध्ये उतरतं. एक लिटरच्या सिलिंडरचं हवा दाबण्याचं प्रमाण १७ पट असेल, तर पिस्टन पूर्ण वर असताना वर उरणारी जागा साधारण ६० मिलिलिटर असते, म्हणजे कटिंग चहापेक्षा फारशी जास्त नाही. त्याहून जास्त पाणी असेल आणि स्टार्टर मारला, तर पाणी दबत नाही, पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बरेच दिवस पडून असलेलं जुनं इंजिन आधी डिझेल फवारणारे इंजेक्टर काढून हाताने पूर्ण फिरवून पाहावं.

बीड खाऱ्या पाण्यात कसं कुजतं हेही लक्षात ठेवावं. त्यातलं लोखंड विरघळून जातं आणि ग्राफाइटचा सांगाडा मागे उरतो, तोही मूळ आकारात. वरून भाग धड दिसतो, पण चाकूचं टोक पेन्सिलीच्या शिशात जावं तसं आत जातं. असा भाग चिकटवून चालत नाही, बदलावाच लागतो. पितळातून जस्त निघून गेलं की पितळ गुलाबी, तांब्यासारखं दिसायला लागतं. ते झालं तर जस्ताचा ठोकळा कधीचाच संपलेला असतो. हा ठोकळा स्वतः झिजून बाकीचे धातू वाचवतो, अर्धा उरला की बदलायचा.

खारं पाणी ऑइलमध्ये गेलं असेल, तर दुरुस्ती उद्यावर ढकलू नये, बेअरिंगांवर गंज फार लवकर धरतो. ऑइल काढावं, नवं स्वस्त ऑइल भरून थोडा वेळ इंजिन चालवावं, पुन्हा काढावं आणि दुधाळपणा जाईपर्यंत हे करावं. शंका असेल तर ऑइलचा एक थेंब तापलेल्या तव्यावर टाकावा. पाणी असेल तर तडतड आवाज येतो.

बाहेरची गळती शोधायला मात्र खडू पुरतो. इंजिन धुवून, पुसून, कोरडं करून सांध्यांवर खडूची पूड लावायची आणि इंजिन चालवायचं. पूड जिथे सर्वात वर ओली झाली, गळती तिथे. खालची ओल नुसती ओघळ असते. थंडपणी उघडी असलेली फट तापल्यावर मिटते, त्यामुळे इंजिन थंड होत असतानाही पुन्हा एकदा बघावं.

बोट पाण्यात लोटण्याआधी पंपाची नळी खाऱ्या पाण्याने भरलेल्या पिंपात सोडून किनाऱ्यावरच तासभर इंजिन चालवावं. पिंप झपाट्याने रिकामं होतं, म्हणून दोन माणसं बादल्या घेऊन तयार हवीत. आणि तिसरा माणूस पंपाच्या पोटाखाली, त्या भोकाकडे टॉर्च धरून.