ईरी सरोवरातला वॉलआय कुणाचा? क्लीव्हलंडच्या स्पर्धेमागची पार्श्वभूमी

३० सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या गॉर्डन पार्कात, वॉलआय (गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा) पकडण्याच्या स्पर्धेच्या वजनकाट्याजवळ जे घडलं, त्याचा व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला आहे. दोन स्पर्धकांच्या संघानं आणलेल्या माशांची पोटं चिरली गेली, वजन वाढवण्यासाठी कोंबलेले शिशाचे गोळे बाहेर आले, जमाव खवळला. पुढे खटला उभा राहिला आणि शिक्षाही झाली. पण या प्रकरणावरची चर्चा शिशापाशी सुरू होते आणि बक्षिसाच्या रकमेपाशी संपते. आरोपपत्रात चार आरोप होते. चौथा आरोप बातम्यांमध्ये शेवटच्या ओळीत उरकला गेला, आणि ईरी सरोवराच्या इतिहासाशी सर्वांत जवळचं नातं त्याचंच आहे. तो आरोप होता वन्य प्राणी बेकायदा ताब्यात ठेवल्याचा.

तो समजून घ्यायचा तर मुळात या सरोवरात वॉलआय अजून आहे कसा, इथून सुरुवात करावी लागते.

ईरी हे उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांतलं सर्वांत उथळ सरोवर. सरासरी खोली १९ मीटर, आणि पश्चिम खोऱ्यात तर साडेसात मीटरच्या आसपास. उथळ म्हणून उबदार, उबदार म्हणून मासळीनं समृद्ध, आणि याच कारणानं प्रदूषण झाल्यावर लगेच नासणारं. एकोणिसाव्या शतकापासून इथं धंद्याची मासेमारी जोरात होती. वॉलआयचा जवळचा भाऊबंद असलेला ब्लू पाइक वर्षाला लाखो पौंडांनी जाळ्यात येत असे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो काही वर्षांतच कोसळला आणि १९८३ साली नामशेष म्हणून जाहीर झाला. ती स्वतंत्र उपजात होती की निळसर रंगाचा वॉलआयच, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून आहे. धडा मात्र दोन्ही बाजूंनी एकच निघतो: ज्या माशाचा तुटवडा कधी पडेल असं कुणाला वाटलं नव्हतं, तो एका पिढीच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला.

१९६९ च्या जूनमध्ये क्लीव्हलंडची कायाहोगा नदी पेटली. हे सांगितल्याशिवाय ईरीवरचा कुठलाही लेख पुरा होत नाही. पण वॉलआयच्या दृष्टीनं खरी कलाटणी त्यानंतरच्या वर्षी आली. १९७० च्या वसंतात ईरी आणि त्याच्या वरच्या अंगाला असलेल्या सेंट क्लेअर सरोवरातल्या माशांत पारा सापडला. कॅनडातल्या सार्नियासारख्या ठिकाणच्या, क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या कारखान्यांतून तो पाण्यात सोडला जात होता. वॉलआयची धंद्याची मासेमारी बंद करण्यात आली. हा निर्णय माणसांच्या आरोग्यासाठी घेतलेला, माशाच्या रक्षणासाठी नव्हे. फायदा मात्र माशाला झाला. जाळी उठली, आणि आधीच खंगलेल्या जातीला काही वर्षांची उसंत मिळाली.

१९७२ साली दोन गोष्टी झाल्या. एप्रिलमध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्यात महासरोवरांच्या पाण्याच्या शुद्धतेचा करार झाला, आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा आला. सांडपाणी शुद्धीकरणावर पैसा लागला, कपडे धुण्याच्या पावडरीतला, पाण्यात शेवाळ पोसणारा फॉस्फरस घटला. १९७८ च्या सुधारित करारानं ईरीत वर्षाला जास्तीत जास्त ११,००० टन फॉस्फरस जावा अशी मर्यादा आखली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात वॉलआय परतला, आणि १९८२ सालच्या पैदाशीनं तर सगळ्यांना चकित केलं.

मासा परतल्यावर प्रश्न उभा राहिला की तो कुणी पकडायचा. सरोवराच्या कॅनडाकडच्या बाजूच्या ओंटारिओ प्रांतानं धंद्याची मासेमारी पुन्हा सुरू केली आणि ती आजही चालू आहे. तिथला वॉलआय मोठ्या प्रमाणात गिलनेटनं (मासा कल्ल्यांपाशी अडकवणाऱ्या जाळ्यानं) निघतो आणि बाजारात जातो. ओहायोनं वॉलआय धंद्याच्या जाळ्यांना पुन्हा खुला केलाच नाही. तिथं तो फक्त गळाचा मासा राहिला. जाळीवाल्या कुटुंबांना हा निर्णय अन्यायाचा वाटला आणि त्यांच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पिढ्यानपिढ्या ज्यांनी हा मासा लोकांच्या ताटापर्यंत पोचवला, त्यांच्याकडून तो काढून हौशी लोकांच्या हाती दिला गेला. तरीही माझं मत ओहायोच्या बाजूनं झुकतं. पोर्ट क्लिंटनपासून क्लीव्हलंडपर्यंतच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकाअखेरपर्यंत भाड्याच्या मासेमारी बोटींचा व्यवसाय काही डझनांवरून हजाराच्या घरात गेला, तो या निर्णयामुळे. पोर्ट क्लिंटन स्वतःला जगाची वॉलआय राजधानी म्हणवतं आणि १९९६ पासून दर ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री तिथं फायबरग्लासचा प्रचंड वॉलआय क्रेनवरून खाली उतरवला जातो. मासा ही त्या गावांची ओळख बनली, ती अशी.

वाटणीचं गणित १९७६ पासून चालू आहे. सरोवराला लागून असलेली राज्यं आणि ओंटारिओ यांची मत्स्यखाती दर वसंतात एकत्र बसतात, वॉलआयचा अंदाज घेतात आणि त्या वर्षी किती मासे काढायचे ते ठरवतात. कोटा पौंडांत नसतो, माशांच्या संख्येत असतो. वाटप पाण्याच्या क्षेत्रफळावर होतं: ओहायोला ५१ टक्क्यांहून किंचित जास्त, ओंटारिओला ४३ टक्के, मिशिगनला ६ टक्क्यांच्या जवळपास. २०२२ साली हा आकडा सुमारे १ कोटी ४५ लाख मासे इतका होता. त्यातून ओहायोच्या एकेका मासेमाराला दिवसाला सहा मासे, प्रत्येकी किमान १५ इंच. म्हणजे गळाला लागलेला प्रत्येक मासा कुठल्या ना कुठल्या खात्यात मोजला जातो.

मधली काही वर्षं वाईट गेली. १९८० च्या दशकाअखेर जहाजांच्या तळात तोलासाठी भरलेल्या पाण्यातून आलेल्या झेब्रा शिंपल्यांनी सरोवराचं पाणी गाळून काढलं. पाणी नितळ झालं आणि मंद उजेडात शिकार करणारा वॉलआय खोल व दूरच्या पाण्याकडे सरकला. नव्वदच्या दशकात पैदास रोडावली. २००३ सालची पैदास इतकी मोठी निघाली की पुढची दहा-बारा वर्षं मासेमारी जवळजवळ तिच्याच जिवावर चालली. ऑगस्ट २०१४ मध्ये निळ्या-हिरव्या शेवाळाच्या विषामुळे टोलीडो शहरातल्या लाखो लोकांना नळाचं पाणी वापरू नका असं सांगावं लागलं. ते शेवाळ शेतांतून मॉमी नदीवाटे येणाऱ्या फॉस्फरसवर पोसलेलं होतं. कारखान्यांवर लावता आला तसा लगाम शेतांवर लावणं अजून जमलेलं नाही. तरी २०१५, २०१८, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या भरघोस पैदाशीनं सरोवर पुन्हा भरलं.

गेल्या दशकातली बक्षिसं या भरल्या सरोवरावर वाढली. वसंतात वॉलआय मॉमी आणि सँडस्की नद्यांत व पश्चिमेच्या खडकाळ उथळांवर अंडी घालतो, उन्हाळ्यात पूर्वेला क्लीव्हलंडच्या बाजूला जातो आणि थंडी येऊ लागली की परततो. स्पर्धांचं वेळापत्रक याच येण्याजाण्यावर बेतलेलं असतं. दोघांचा संघ, पाच मासे, एकूण वजन, एवढाच नियम. बोट, इंजिन, सोनार, ट्रोलिंगचं सामान यांत लोक आयुष्याची बचत घालतात, आणि शेवटी सगळं एका काट्यावर येऊन थांबतं. त्या काट्यावर संशय येऊ नये म्हणून विजेत्यांची पॉलिग्राफ चाचणी, म्हणजे खोटं पकडण्याच्या यंत्रावरची चाचणी, घेण्याचा रिवाज पडला. मला हा रिवाज कधीच पटलेला नाही. पॉलिग्राफला न्यायालयं सहसा पुरावा मानत नाहीत. पण किनाऱ्यावर त्याच यंत्राच्या निकालावर बक्षिसं दिली आणि काढून घेतली गेली आहेत. खरं बोलणारा घाबरला तर बाद, आणि थंड डोक्यानं खोटं बोलणारा पास, हा धोका त्यात आहेच.

क्लीव्हलंडमध्ये लबाडी पकडली ती अनुभवी नजरेनं. पाच माशांचं वजन भरलं ३३.९१ पौंड. स्पर्धेच्या संचालकांना ते मासे प्रत्येकी चार पौंडांच्या आसपासचे दिसत होते, म्हणजे अंदाजे वीस पौंड व्हायला हवे होते. ज्यानं हंगामभर हजारो वॉलआय हाताळले आहेत त्याला लांबी पाहून वजन कळतं. त्यांनी मासा दाबून पाहिला, कठीण लागलं, सुरी घेतली. शिशाचे एकूण दहा गोळे निघाले: आठ १२ औंसांचे, दोन ८ औंसांचे. मिळून सात पौंड शिसं. त्याशिवाय दुसऱ्या वॉलआयच्या मांसाचे काप. जमाव अंगावर जाईल असं दिसताच त्याच संचालकांनी या दोघांना कुणी हात लावायचा नाही असं बजावलं, आणि वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्यांनी मासे पुरावा म्हणून ताब्यात घेतले. ही गोष्ट शिव्याशापांच्या व्हिडिओत झाकली गेली, म्हणून मुद्दाम सांगतो.

ऑक्टोबरमध्ये आरोपपत्र आलं. फसवणूक, मोठ्या चोरीचा प्रयत्न, गुन्ह्याची साधनं बाळगणं, आणि वन्य प्राण्यांबद्दलचा तो चौथा आरोप. फसवणुकीचं ओहायोतलं कलम जुगाराच्या प्रकरणात बसतं. संभाव्य लाभ १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त असला की तो साध्या गुन्ह्यातून गंभीर गुन्ह्यात जातो. इथं बक्षीस सुमारे २८,७०० डॉलरचं होतं, त्यामुळे त्या बाबतीत वाद उरला नाही. याआधीचं गाजलेलं उदाहरण टेक्ससमधल्या रे हबर्ड तलावावरचं. २००९ साली तिथं एका बास माशाच्या पोटात एक पौंडाचं शिसं सापडलं. बक्षीस ५५,००० डॉलरची बोट होती आणि आरोपीला १५ दिवसांचा तुरुंगवास झाला. टेक्ससमध्ये मासेमारी स्पर्धेतल्या फसवणुकीसाठी वेगळा कायदाच आहे. ओहायोत सरकारी वकिलांना सर्वसाधारण कलमांतून वाट काढावी लागली.

या तीन आरोपांत पीडित कोण? प्रतिस्पर्धी आणि आयोजक, ज्यांचे पैसे जाणार होते ते. चौथ्यात तसं नाही. ओहायोचा कायदा म्हणतो की राज्यातल्या, कायदेशीर मार्गानं कुणाच्या खाजगी मालकीच्या न झालेल्या सर्व वन्य प्राण्यांची मालकी राज्याची आहे, आणि राज्य ती सगळ्या लोकांच्या वतीनं विश्वस्त म्हणून सांभाळतं. पाण्यात पोहणारा वॉलआय कुणा मासेमाराचा नाही, आयोजकांचा नाही, विश्वस्त असलेल्या सरकारचाही स्वतःचा असा नाही. नियम पाळून पकडला तरच तो तुमचा होतो. नियम मोडलात तर बोटीवर आणलेला मासाही लोकांचाच राहतो आणि तुम्ही परक्याची वस्तू बाळगत असता.

काही जणांचं म्हणणं होतं की हा आरोप वकिलांनी भर म्हणून घातला. मासे सरोवरातच पकडलेले, आकारानं मोठे, संख्याही मर्यादेत, मग वन्यजीव कायद्याचा संबंध काय? मला हे म्हणणं अर्धवट वाटतं. या कायद्याखाली मासा पकडण्याची मुभा ही सवलत आहे आणि ती अटींसह दिलेली आहे. वजन वाढवण्यासाठी दुसऱ्या माशाचे काप त्याच्या पोटात कोंबणं हा त्या सवलतीचा कुठल्याही अर्थानं रीतसर वापर नाही. पाऱ्यामुळे जाळी उठवली गेली, करदात्यांच्या पैशांतून सांडपाणी शुद्ध झालं, जाळीवाल्यांचा धंदा गेला, दोन देश दर वर्षी एकेक मासा मोजतात. ज्यांनी आयुष्यात कधी गळ टाकला नाही त्यांनीही या माशाची किंमत मोजलेली आहे. त्यांच्या वतीनं बोलणारा आरोप आरोपपत्रात हा एकच होता.

२७ मार्च २०२३ रोजी दोघांनी दोन आरोप कबूल केले: फसवणूक, आणि हाच चौथा. बाकीचे दोन तडजोडीत मागे घेतले गेले. ११ मे रोजी शिक्षा झाली. दहा दिवसांचा तुरुंगवास, दीड वर्ष देखरेख आणि २,५०० डॉलर दंड. स्पर्धेत वापरलेली बोट जप्त झाली. मासेमारीचे परवाने तीन वर्षांसाठी रद्द झाले. समाजमाध्यमांवर दहा दिवसांचीच टिंगल झाली. पण गळ हेच ज्यांचं सर्वस्व आहे त्यांना दहा दिवसांच्या तुरुंगापेक्षा तीन वर्षं परवाना नसणं जास्त जिव्हारी लागतं, हे कुठल्याही मासेमाराला विचारा.

त्यानंतर काही स्पर्धांच्या काट्यांवर हातात धरायचे मेटल डिटेक्टर आले. ते शिसं पकडतील, माशात कोंबलेलं मांस पकडणार नाहीत. त्यासाठी विजेत्यांचे मासे सर्वांसमोर चिरून पाहणं हाच साधा उपाय आहे. ज्या स्पर्धांत मासे जिवंत सोडायचे असतात तिथं वजनाऐवजी मोजपट्टीवर लांबी घेऊन फोटो काढण्याची पद्धत आहे. तीत पोटात काही भरून फायदाच होत नाही. ईरीवरच्या मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धांनी या दोन्हींतली एक पद्धत सक्तीची करावी आणि पॉलिग्राफवरचा भरवसा सोडावा, असं मला ठामपणे वाटतं.