साराचं हसू आणि वर्षानुवर्षं थांबलेलं स्त्रीबीज

2019 साली आंध्रातल्या गुंटूरमधे सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंना आयव्हीएफने जुळ्या मुली झाल्या, बातमी जगभर फिरली, आणि तेव्हापासून अशी कुठलीही बातमी आली की कुणीतरी लिहितंच, बघा, बायबलमधली सारा नव्वदीत आई झाली ते आता विज्ञानानेच सिद्ध केलं. मला हे अजिबात पटत नाही, कारण यात ती कथाही नीट वाचलेली नसते आणि विज्ञानही नाही.

बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात साराचा नवरा अब्राहाम शंभरीला आलेला आणि सारा नव्वदची. मम्रेच्या झाडांपाशी भर दुपारी तीन पाहुणे येतात, अब्राहाम साराला पीठ मळून भाकरी करायला सांगतो, कोवळं वासरू रांधायला लावतो, आणि जेवताना वचन मिळतं की पुढच्या वर्षी साराला मुलगा होईल. सारा तंबूच्या दाराआडून ऐकते आणि मनातल्या मनात हसते. लिहिणाऱ्याने तिथेच सरळ लिहून ठेवलंय की तिची पाळी केव्हाच बंद झाली होती. म्हणजे हे होऊ शकत नाही हे त्या काळच्या लोकांना पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच ते देवाचं वचन आहे. या मुलाच्या, म्हणजे इसहाकच्या, जन्माचा पुढचा अध्याय ज्यू नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी सिनेगॉगमधे वाचतात, आपले कोकणातले बेने इस्रायली ज्यूही. श्रद्धा म्हणून वाचणाऱ्याला आयव्हीएफचा पुरावा लागत नाही.

आता साराचं हसू बरोबर का होतं ते बघू, मला स्वतःला हा भाग फार आवडतो.

पुरुषाच्या शरीरात शुक्राणू म्हातारपणापर्यंत नवीन बनत राहतात, बाईचं तसं नाही. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या बीजांडकोशात साधारण साठ-सत्तर लाख बीजं असतात, जन्मताना दहा-वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख, आणि पाळी जायच्या सुमारास जेमतेम हजारभर. यातली पूर्ण पिकून बाहेर पडतात ती चार-पाचशेच, बाकीची आपोआप मरतात, गर्भार असताना आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असतानासुद्धा.

पण संख्येपेक्षा मोठी गंमत वेगळी आहे. शाळेत अर्धगुणसूत्री विभाजन म्हणजे मायोसिस शिकलो होतो ना, ते या बीजांमधे मुलगी जन्मायच्या आधीच सुरू होतं आणि मधेच थांबतं. आईकडून आलेलं आणि वडिलांकडून आलेलं गुणसूत्र जोडी लावतात, आपसात तुकडे बदलतात, आणि तिथेच थबकतात, ते थेट त्या बीजाची पिकायची वेळ येईपर्यंत, पंधरा वर्षांनी किंवा पंचेचाळीस वर्षांनी. एवढी वर्षं त्यांना एकत्र धरून ठेवतं कोहेसिन नावाचं प्रोटीन, ते बांगडीसारखं गुणसूत्राच्या धाग्यांभोवती बसलेलं असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की ही कोहेसिनची कडी गर्भात असतानाच बसवली जातात आणि नंतर त्यांच्या जागी नवीन जवळजवळ बसतच नाहीत. वर शुगोशिन नावाचं दुसरं प्रोटीन असतं, गुणसूत्राच्या मधल्या भागातलं कोहेसिन वेळेआधी कापलं जाऊ नये म्हणून ते राखण करतं, आणि वयाबरोबर तेही कमी होतं. मग चाळिशीत विभाजन पुन्हा सुरू होतं तेव्हा गुणसूत्रं आधीच सैल झालेली असतात, पेशीतले ओढणारे धागे त्यांना दोन बाजूंना ओढताना एखादं भलत्याच बाजूला जातं, बीजात एक जास्त किंवा एक कमी. बहुतेक वेळा असा गर्भ टिकतच नाही, म्हणून या वयात गर्भपात वाढतात. 21 क्रमांकाचं एक जास्त असेल तर डाऊन सिंड्रोम, पंचविशीच्या आईला साधारण साडेबाराशे बाळांत एक, चाळिशीच्या आईला शंभरात एक. हे आईच्या वागण्यामुळे, खाण्यामुळे होत नाही, कृपा करून कुणाही बाईला असलं काही ऐकवू नका.

साराच्या बाबतीत हिशेब असा की तिचं बीज उरलं असतं तरी ते तिच्या आईच्या पोटात थांबलेलं, म्हणजे नव्वद वर्षं जुनं.

गर्भाशयाची गोष्ट मात्र वेगळी. 1990 साली अमेरिकन डॉक्टरांनी बीजांडकोश बंद पडलेल्या चाळिशीपुढच्या बायकांमधे तरुण बायकांनी दान केलेली बीजं वापरून गर्भ रुजवून दाखवले. बाहेरून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दिलं की पाळी गेलेल्या बाईच्याही गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि गर्भ धरतं. सत्तरीतल्या बाळंतपणांच्या बातम्यांमागे हेच असतं, दुसरीचं बीज आणि हार्मोन्स, पण मथळ्यात चमत्कार लिहितात आणि पन्नाशीच्या जोडप्यांना वाटतं आपलंच बीज चालेल, लाखो रुपये घालवतात. त्याहून वाईट म्हणजे मूल देतो म्हणणारे बाबा. दैवी शक्तीने आई करतो असं सांगून बाईशी शरीरसंबंध ठेवणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात स्पष्ट गुन्हा आहे, अशी तक्रार करायला घाबरू नका.

आणि गर्भाशय साथ देतं म्हणून शरीर देतंच असं नाही. गरोदरपणात रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, ते सगळं हृदयाला पंप करावं लागतं, उतारवयात बीपी आणि शुगरचा धोका खूप वाढतो. भारताच्या 2021 च्या एआरटी, म्हणजे कृत्रिम गर्भधारणेच्या तंत्रांच्या कायद्याने आयव्हीएफसाठी बाईला पन्नासची मर्यादा घातली ती गुंटूरनंतर दोनच वर्षांनी, आणि त्याच कायद्यात बीज दान करणारी मात्र 23 ते 35 वर्षांचीच लागते. गर्भाशयाला पन्नास, बीजाला पस्तीस.