‘हालू नको वं माय’: स्कॅनमधल्या हालचालीची पार्श्वभूमी

जळगाव असो की धुळे, एमआरआयच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘हालू नका.’ समोर अहिराणी बोलणारी आजी असली की ‘हालू नको वं माय’. कानात ठकठक, तोंडावर कॉइलचा (संकेत टिपणाऱ्या तारांच्या वेटोळ्यांचा) पिंजरा आणि वीस-पंचवीस मिनिटं निपचित पडायचं. तरण्याताठ्यालाही ते जड जातं, मग कंपवाताच्या म्हाताऱ्याला कसं जमावं? हा भार रुग्णावरून काढून गणितावर टाकण्याचा खटाटोप निदान चाळीस वर्षं चालू आहे.

सीटीची, म्हणजे क्ष-किरणांनी शरीराचे छेद दाखवणाऱ्या स्कॅनची, सुरुवात डोक्यापासून झाली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये इंजिनिअर गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला, तेव्हा एकेका छेदाला चार-पाच मिनिटं लागत. डोकं आवळून धरता येतं, पोट नाही. पुढे सीटीने वेगानेच बाजी मारली: रुग्ण सरकत असतानाच गोल फिरत टिपणारा सर्पिल स्कॅन आला, २००५ च्या सुमारास क्ष-किरणांच्या दोन नळ्यांचं यंत्र आलं आणि धडधडतं हृदयही दोन ठोक्यांमधल्या निवांत क्षणी पकडता येऊ लागलं.

एमआरआयचं दुखणं वेगळं. १९७७ मध्ये अमेरिकी डॉक्टर रेमंड डमाडियन यांच्या यंत्राला माणसाच्या छातीचा एक छेद टिपायला पावणेपाच तास लागले होते. पण खरी मेख वेळेत नाही, मोजणीच्या रीतीत आहे. एमआरआय चित्राचे ठिपके एकेक करून टिपत नाही; त्याच्या लहरी ओळीओळीने मोजतं आणि शेवटी फूरिये गणिताने (लहरी जोडून चित्र बनवणाऱ्या गणिताने) चित्र उभं करतं. प्रत्येक ओळीत सगळं चित्र थोडंथोडं असतं. शेवभाजीच्या रश्शात मीठ जास्त पडलं तर ते एका कोपऱ्यात थोडंच बसतं? तसंच मोजणीच्या मधल्या ओळींच्या वेळी मान वळली की तो बिघाड चित्रभर पसरतो. श्वासासारखी लयीतली हालचाल असेल, तर पोटाच्या कडेच्या भुतासारख्या आवृत्त्या एकामागे एक उमटतात. डॉक्टरही त्यांना ‘घोस्ट’च म्हणतात.

आधीचे उपाय साधे होते: पोटाला पट्टा बांधून श्वासाची लय पाहायची आणि ठरावीक क्षणीच मोजायचं. १९८९ मध्ये एहमन आणि फेल्मली यांनी ‘नेव्हिगेटर’ मांडला. मुख्य मोजणीच्या मधेच एक झटपट जादा मोजणी घ्यायची, श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा) किती सरकलं ते काढायचं आणि तेवढी दुरुस्ती करायची.

मला सगळ्यांत देखणी वाटते ती १९९९ ची जेम्स पाइप यांची ‘प्रोपेलर’ पद्धत. ओळी समांतर न घेता पंख्याच्या पात्यांसारख्या फिरवत घ्यायच्या. प्रत्येक पातं मध्यातून जातं, म्हणून मधला भाग पुन्हा पुन्हा मोजला जातो. रुग्ण सरकला तर लहरींची कला (फेज, म्हणजे लहर चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) बदलते, वळला तर मोजणीही तितकीच वळते. पाती एकमेकांशी ताडून हे दोन्ही ओळखायचं, सरळ करायचं, फारच बिघडलेल्या पात्याला कमी वजन द्यायचं. मान वरखाली झाली आणि दुसराच छेद समोर आला, तर मात्र ही युक्तीही लंगडी पडते.

आता हे काम शिकवलेली न्यूरल जाळी (उदाहरणांवरून शिकणारे संगणकी प्रोग्राम) करू लागली आहेत. त्यांच्याबद्दल धास्ती एवढीच, की भूत पुसताना ती नसलेली रेघही काढू शकतात.

शिवाय मेंदू हाडाच्या पेटीसकट एकसंध सरकतो. आतडी मात्र आपापल्या मर्जीने वळवळतात. म्हणून पोटाच्या एमआरआयआधी अजूनही काही तास उपाशी ठेवतात, कधी आतड्यांची चाल मंदावणारं इंजेक्शन देतात, आणि मग सांगतात, ‘श्वास धरा.’